जपानी जेवण वसूल झालं का

सोमवार, ३ मार्च
लवंगीचा फोन आला. भर दुपारी, मी लॅबमध्ये असताना! कृत्रिम दात बनवायच्या कोर्सला आम्ही शेजारीशेजारी बसायचो. एवढीशी मूर्ती आणि तोंड तिखटजाळ, म्हणून लवंगी. तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःची दातांची लॅब काढलीय. म्हणाली, भागीदार म्हणून ये. पुढच्या दातांचं काम तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. पंधरा तारखेपर्यंत सांग, नाहीतर मला दुसरी कुणी शोधावी लागेल.

"बघते" म्हटलं. मी आयुष्यभर बघतेच आहे.

मंगळवार, ४ मार्च
जेवताना ह्यांना सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं – भांडता तरी आलं असतं. हे हसले! "तू गेलीस तर लॅब कोण चालवणार? पाटीवर नाव माझं असलं तरी हात तुझा आहे ना." मग माझी पाठ थोपटली, मला भाजी वाढली, आणि विषय संपला.

हे वाईट नाहीत. तेच तर दुखणं आहे.

बुधवार, ५ मार्च
खाली लॅब, वर घर, मध्ये जिना. दिवसभरात मी बाहेर पडते ती त्या जिन्यापुरती.

आज पुन्हा दिव्याचा विषय काढला. माझ्या टेबलावरचा दिवा डावीकडे, भिंतीत पक्का बसवलेला. मी डावखुरी. म्हणजे ज्या दातावर काम करायचं, नेमकी त्याच्यावर माझ्याच हाताची सावली! मग मान वाकडी करून बसायचं, आणि संध्याकाळी मान धरली की शेकत बसायचं. लॅब सुरू केली तेव्हाच सांगितलं होतं, दिवा उजवीकडे घ्या. "वायरिंग फोडावं लागेल गं. बघू." आजचं उत्तरही तेच, शब्दाला शब्द.

शुक्रवार, ७ मार्च
ह्यांनी जपानी हॉटेलात जेवण ठरवलंय. रविवारी दुपारी. नदीकाठचं ते – इतकं महागडं की दारावर पाटीसुद्धा नाही. "तुला जरा बदल हवाय, कळलं मला," म्हणाले. मला काय हवंय ते मी मंगळवारी सांगितलं होतं.

त्या एका जेवणाच्या पैशात माझा दिवा दहा वेळा हलवून झाला असता. अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

रविवार, ९ मार्च
लाकडी काउंटर, मोजक्या खुर्च्या. समोर शेफ – साठीचा, नखं लखलखीत, तोंडातून शब्द नाही. मेनूकार्डच नाही! तो देईल ते, तो देईल त्या क्रमाने. हे खूश. "बघ, काही ठरवायची कटकटच नाही. ह्याला म्हणतात चैन."

काळ्या बशीत भाताचा इवलासा मुटका, त्यावर माशाची चकती. किंचित तिरपा ठेवलेला. घरी मी उजव्या हाताने जेवते. लहानपणी आईने चमच्याने फटके देऊन ते वळण लावलं. पण काड्यांनी खायचं मला कुणीच शिकवलं नव्हतं. त्यामुळे हात आपला आपण पुढे गेला – डावा. माझं कोपर ह्यांच्या कोपराला लागलं. "अगं, उजव्या हाताने. चारचौघांत आहोत." हळूच म्हणाले, प्रेमानेच. मी काड्या उजव्या हातात घेतल्या. मुटका निसटला आणि फुटला. हे हसले. शेफ हसला नाही.

दुसरा मुटका आला. ह्यांचा पहिल्यासारखाच. माझा उलटा! तिरपेपणा दुसऱ्या बाजूला, डाव्या हाताला सहज उचलता येईल असा. कुठली वस्तू कुठल्या अंगाला किती कललीय, हे बघण्यातच माझा दिवस जातो. चुकून ठेवलेलं आणि मुद्दाम ठेवलेलं मला लगेच कळतं.

ह्यांनाही ते दिसलं. "चुकलं वाटतं त्याचं," म्हणाले, आणि बोटाने माझी बशी फिरवून सरळ केली. माझ्यापुढची बशी. मला न विचारता! रागाने नाही हं – मुलाची कॉलर नीट करावी तसं.

शेफने पाहिलं. पुढचा मुटका पुन्हा उलटाच ठेवला. आणि ह्या वेळी मी उचलेपर्यंत बशीच्या काठावरचा हात काढला नाही. मी डाव्या हाताने उचलला. न फुटता तोंडात गेला.

चव? खरंच आठवत नाही. गार मासा, कोमट भात. रडू आवरत चावत होते, चव काय कळणार! "ती हिरवी चटणी लागली का?" ह्यांनी विचारलं. हो म्हटलं.

सोमवार, १० मार्च
काल घरी आल्या आल्या ह्यांनी ब्रेड-बटर खाल्लं. पोटच भरलं नव्हतं म्हणे. आज सकाळपासून दोनदा विचारून झालं, "काय गं, वसूल झालं का जेवण?" सांगते म्हटलं.

टेबलाशी बसले. सावली पडली. इतके दिवस मला वाटायचं, मीच फार मागतेय.

एका परक्या माणसाला पहिल्या घासाला कळलं. मला राग आलाय. ह्यांचा तर आहेच. पण काड्या मुकाट्याने उजव्या हातात घेणाऱ्या त्या बाईचा जास्त.

मंगळवार, ११ मार्च
"वसूल झालं का?" – परत!

बुधवार, १२ मार्च
ह्यांनी एका मोठ्या दवाखान्याचं वर्षभराचं काम घेतलं. सही करूनच घरी आले. "तुझ्याच भरवशावर हं!" आनंद मावत नव्हता चेहऱ्यावर. वर्षभर. मला एका शब्दाने विचारलं नाही.

परत फिरवली बशी.

गुरुवार, १३ मार्च
लवंगीला नाही म्हणावं, असं सकाळी ठरवलं. दुपारी ठरवलं, हो म्हणावं. संध्याकाळी ह्यांनी माझी मान शेकून दिली. इतक्या मायेने, की मला श्वास घेता येईना.

शुक्रवार, १४ मार्च
मान अजून धरलेलीच.

शनिवार, १५ मार्च
जिन्यात बसून लवंगीला फोन केला. हो म्हटलं. आधी सुताराला बोलावते म्हणाली, तुझं टेबल करायला टाकायचंय, काय काय हवं ते सांग. एकच सांगितलं – दिवा उजवीकडे.

खाली गेले. ह्यांनी मान वर न करताच विचारलं, "सांग ना गं, वसूल झालं की नाही ते जेवण?"

"झालं," म्हटलं. "पै न् पै."