चुना मी खाल्ला, हाडं तिनं

मंगळवार, संध्याकाळ

हाडं दुखतात म्हणून दोन वर्षं रोज दह्यातून गव्हाएवढा चुना खाल्ला. शेजारणींनाही खायला लावला. शहाणी ना मी! आज ठाण्याचा डॉक्टर म्हणाला, "आजी, रक्तात कॅल्शियम आधीच जास्त आहे. गळ्यातली एक ग्रंथी बिघडलीय. तिला ते कमीच वाटतं, म्हणून हाडांतून ओढत बसते." वर चुना! मी हल्ली विसरते, तेही या वाढलेल्या कॅल्शियमनंच म्हणे. सून त्या विसरण्याला नाटकं म्हणायची. आता ऑपरेशन करून ती ग्रंथी काढायची. डोंबिवलीला येताना मुलगा म्हणाला, "आई, या वयात कशाला? बघू." हाडं माझी झिजतायत, आणि बघणार हा. उद्या मीच डॉक्टरला फोन करून तारीख घेणार. ऑपरेशनच्या कागदावर सही करता येते मला.