एकादशीची निळी रेषा

माय, तू जिला आयुष्यभर खोटारडी ठरवलेस, त्या काचेच्या नळीची काल सन्मानपूर्वक निर्दोष मुक्तता झाली. सत्तरच्या दशकातले केनवडच्या आपल्या परसातले ते अनुष्ठान मला अजून लख्ख दिसते. रिसोडच्या डॉक्टरांनी दिलेले निळे औषध नळीत, त्यात तुझ्या लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. आणि स्वयंपाकघराचे पावित्र्य अबाधित राहावे म्हणून हा समग्र यज्ञ गोठ्याच्या आडोशाला. द्रव निळाच राहिला तर साखर नाही. विटकरी झाला तर अनर्थ. एरवी तो हिरव्यावर समाधान मानी. एकादशीला मात्र तू दिवा लावतेस, पुटपुटतेस, "देवा, आज तरी निळं राहू दे," आणि नळी हमखास विटकरी होते. बाबा विचारतात, "आज तं तू उपाशी हायस ना वं?"

"मंग काय! साबुदान्याची उसळ, रताळं अन् राजगिऱ्याचा लाडू. अन्नाचा कन नाही तोंडात! ह्या नळीले पापपुन्य काय समजते? औषदच नासलं!"

औषध उकिरड्यावर गेले. देवाच्या दिवशी तपासणी वर्ज्य झाली. उपासाच्या ताटावर संशय घेण्याचे महापातक घरात कोणीच केले नाही. पुढे तुझी दृष्टी मंदावली आणि माझा चेहरा तू बोटांनी ओळखू लागलीस.

तुझा हा विकार मला वारसाहक्काने, एकही वाटेकरी न येता, प्राप्त झाला. आता माझ्या दंडावर रुपयाएवढी चकती असते. ती अहोरात्र माझी साखर मोबाइलवर रेषेने रेखाटते. मागच्या एकादशीला तुझ्या पद्धतीची उसळ यथासांग भक्षण केली, तोच रेषेने गिर्यारोहण आरंभले. तेव्हा नळीचे सत्यवचन मला उमगले. काल साबुदाणा हद्दपार करून शेंगदाणे, दही आणि काकडी यांवर व्रत निभावले. रेषा दिवसभर तळ्यासारखी निश्चल! सायंकाळी मी दिग्विजयी गर्जना केली, तशी सूनबाई तुझी धावत आली.

"येवढे बोंबलून काहून राह्यले जी? लॉटरी लागली का?"

"त्याहून थोर! एकादशीला साखर चढली नाही, माय जिंकली!"

निर्धोक साखरेची रेषा मोबाइलवर हिरवी दिसते. रंग पालटण्याची सोय बऱ्याच खटपटीने हुडकली आणि मी ती निळी केली.

हे पत्र मी टपालात घालणार नाही. तुझा पत्ता कोणत्याच पोस्टमनला ठाऊक नाही. फक्त एवढे सांगतो, कालचा उपास मी देवासाठी धरला नव्हता.