फोनला आधी कळलं

दि. ११ मे

चि. ठमीस आईचे आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत. हवा बदलली की बाबांचा गुडघा कुरकुरतो, बाकी तोंड व्यवस्थित चालू आहे. दुकानात गणवेशांची गर्दी उसळली आहे आणि नेमका आत्ताच मशीनचा पट्टा तुटला. एवढं फोनवर सांगता आलं असतं, म्हणशील. पण फोनवर तू "मजेत आहे गं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. शिवाय त्या फोनजवळ हल्ली मला बोलावंसंच वाटत नाही.

तू मागच्या खेपेला येऊन गेलीस ना, त्यानंतर हा फोन मला केसांच्या टोपांच्या जाहिराती दाखवायला लागला. भाच्यांचे फोटो बघायला जावं, तर दोन फोटोंच्या मध्ये एक टोप! बाबा म्हणाले, "बघ, तुझे केस विरळ झालेले फोनलासुद्धा दिसले." मीही हसले. मग डोक्याला बांधायचे मऊ रुमाल यायला लागले. आणि एका दुपारी आली ती एका बाजूला उशी शिवलेली ब्रा. जन्मभर बायकांचे कपडे शिवतेय मी. ती कुणासाठी असते, ते मला कुणी सांगायला नको. हातातली कात्री खाली ठेवली.

मोबाइलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काकू, या फोनवर कुणीतरी काहीतरी शोधलं असणार. मागाहून पुसून टाकलं तरी कंपन्यांना कळलेलं असतं. मग त्या पिच्छा सोडत नाहीत."

मग आठवलं. त्या खेपेला तुझा फोन चार्जिंगला लावून तू माझा घेऊन गच्चीत बसली होतीस. "गाडीची वेळ बघतेय," म्हणालीस. किती वेळ बघत होतीस गं!

तुझा राग नाही आला. त्या कंपन्यांचा आला. माझ्या लेकीचं दुखणं कुणा परक्याला माझ्याआधी कळलं, आणि त्याने केलं काय, तर टोप विकायला काढले.

मोबाइलवाला म्हणाला, या जाहिराती बंद करून देतो. मी नको म्हटलं. तू काही सांगत नाहीस, मग तुझी खबर मिळायचा तेवढाच एक रस्ता. रोज चहाच्या आधी उघडून बघायचे, आज काय आलंय. थांबू नयेत म्हणून मुद्दाम त्यांच्यावर बोट दाबायचे. लिहितानासुद्धा लाज वाटतेय.

गेल्या आठवड्यापासून मात्र नुसत्या चपला आणि पंखे. तुझं काहीच नाही. तू बरी झालीस म्हणून थांबलं, की आता तुला विकण्यासारखं काही उरलं नाही म्हणून? मोबाइलवाला म्हणतो, "त्याला काही अर्थ नसतो काकू, ते कंटाळतात." त्यांना कंटाळता येतं. माझा जीव टांगणीला लागलाय, ठमे.

बाबांना यातलं काही बोललेले नाही. तूही आमच्या जिवाला घोर नको म्हणूनच गप्प आहेस, एवढं कळतं मला. सांगवत नसेल तर नको सांगूस. नुसतं "ये" म्हण. मी येईन, तुझ्या उशाशी बसेन, तुझं डोकं मांडीवर घेईन आणि एका शब्दाने काही विचारणार नाही.

तुझीच,
तुला हवं तोवर काहीच ठाऊक नसलेली
आई