माझ्या चेडवाचं गाऱ्हाणं मी घातलं

१२ जानेवारी, सोमवार
पहाटेच्या गाडीने आमची लेक वृंदा आली. तळेऱ्याच्या तिठ्यावर गाडी पाऊण तास उशिरा. ड्रायव्हर म्हणाला घाटात धुकं होतं. असेल.
बॅगा दोन. एक कपड्यांची, एक लॅपटॉपची. लॅपटॉपची माझ्या हातात दिली नाही.
"दमलंस गो?"
"नाय."
मागे यायची तेव्हा तळेऱ्यापासून घरापर्यंत तोंडाला खीळ नसायची. अमुक बग सापडला, तमुक साहेबाला दाखवला, रिक्षावाल्यालाही समजावून सांगायची. आज वाटेतले आंबे बघत बसली. मोहोर बरा आहे म्हटलं. हो म्हणाली.
ऑफिसने घरून काम करायची मुभा दिलीय म्हणे. किती दिवस, ते विचारलं नाही.

१४ जाने.
वृं.साठी माडीवरची खोली तयार केली. टेबलाची उंची तिच्या कोपराला मापून. खाली मोटरवर्कशॉपसाठी ठेवलेला इन्व्हर्टर वर नेला, वेगळी लाइन ओढली, अर्थिंग तपासलं. आता वीज गेली तरी तिची मिटिंग तुटणार नाही. हे काम मी कोणाकडून शिकलेलो नाही. आठवीनंतर शाळा सुटली, जळलेल्या मोटरी उकलून उकलून शिकलो. देवगडपर्यंतचे बागायतदार आज पंप घेऊन माझ्याकडेच येतात.
"बरां झालां, बाबा," म्हणाली. बटण लावूनसुद्धा बघितलं नाही.
दुपारी मिटिंग. फळ्यांची भिंत, खाली सगळं ऐकू येतं. माणसं बोलत होती. मध्येच कोणीतरी, "वृंदा, आहेस ना?"
"हो, हो."
तासाभराच्या मिटिंगमध्ये एवढंच.

१७ जाने., शनि.
सौ.ने भाकऱ्या थापता थापता तिच्याकडून काढून घेतलं. माझ्याने झालं नसतं.
प्रकार असा. लोक मोबाइलवरून पैसे भरतात त्याचं काम हिच्या टीमकडे. हिने मिटिंगमध्ये सांगितलं, गर्दीच्या दिवशी एकाच बिलाचे पैसे दोनदा कापले जातील. तिथला अमेय म्हणून कोणी आहे, तो म्हणाला, "वृंदाला सगळीकडे आगच दिसते." सगळे हसले. पुढे झालं तेच. तेव्हा त्याच अमेयने हिनेच सुचवलेला उपाय लावला आणि टाळ्या घेतल्या.
मग परदेशातल्या गिऱ्हाइकासमोर हिला बोलायचं होतं. तोंड उघडलं, आवाज आला नाही. कोणीतरी म्हणालं, अमेय, तू घे. त्याने घेतलं.
तेव्हापासून मिटिंग लागली की हिचा गळा आवळतो. झोप नाही. डॉक्टर झाले. गळ्यात काही नाही म्हणतात.
मी वर गेलो. म्हटलं, तोंडावर सांगायचं होतंस. माझा माल दुसऱ्याने आपला म्हणून विकला असता तर...
"बाबा, तुमच्या दुकानात तुमीच मालक. थंय मी कोण?"
खाली आलो. एक कॉइल चुकीची गुंडाळली. उसवली.

२२ जाने., गुरु.
आज वृं. हसली. माझ्याशी नव्हे.
तिच्या कंपनीतल्या काही बायका दर गुरुवारी संध्याकाळी फोनवर जमतात. कविता मॅडम म्हणून नागपूरच्या कोणी आहेत, वयाने मोठ्या, त्या जमवतात. कामाचं काही नाही. कोणाची सासू, कोणाचं पोर, कोणाला मिटिंगमध्ये कसं गप्प केलं, असलं. एक जण साहेबाची नक्कल करते, त्यावर हसली.
सौ.ला म्हटलं, बोलून काय होणार? काम तर तिथेच आहे.
"अवो, तेचो गळो तरी सुटलो," ती म्हणाली.

२४ जाने.
ठरलं म्हणते. पाच फेब्रुवारीला तिचं काम कंपनीच्या मोठ्या लोकांना दाखवायचं आहे. डेमो. स्वतः दाखवलं तर पुढे त्या कामाची प्रमुख ती. नाहीतर अमेय. कविता मॅडमनी वर भांडून हे तिच्या नावावर ठेवलं आहे.
आणि ही म्हणते अमेयला देणार. नंतर राजीनामा.
"माका जमाचा नाय, बाबा. देवगडात आंब्याच्या पेढीर बिलां करीन."
बिलं वाईट म्हणत नाही मी. पण हिने लहानपणी वर्कशॉपात उभं राहून देवळातलं माझं गाऱ्हाणं जसंच्या तसं म्हणून दाखवायचं, हात जोडून, आवाज खाली नेऊन वर काढत. गिऱ्हाइकं काम सोडून ऐकायची. ती मुलगी कुठे गेली?
सौ. म्हणते, तेका जरा गप रवांदे.
गप राहून कधी मोटर सुरू झालीय?

२६ जाने., सोम.
देवळात जत्रा. सुट्टी जोडून आल्यामुळे मुंबईकरही भरपूर. वृं. घरीच राहिली, डोकं दुखतंय म्हणून.
गाऱ्हाणं गेली अनेक वर्षं मीच घालतो. हा मान वाडवडिलांचा नव्हे, आवाजाने मिळवलेला. गावाचं झालं, आंब्याचं झालं, दर्यावर्दींचं झालं. मग मी थांबलो नाही. मनात होतंच.
"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकराचा चेडू शहरात मोठ्या हुद्द्यार आसा. तेच्या वाचेक कोणाची तरी नजर लागली, चार माणसांत तेका बोलाक होयना..."
"व्हय म्हाराजा!"
"जी काय आडकाठी आसात ती दूर कर, तेची वाचा तेका परत दी..."
"व्हय म्हाराजा!"
सभामंडप दणाणला. असं गाऱ्हाणं माझ्याकडूनही क्वचित झालं असेल. गुरवाने देवाला पाकळ्या लावून कौल घेतला. तिने परत जावं की इथेच राहावं? उजव्या बाजूची पाकळी पडली. जावं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवलं नाही.
घरी येऊन तिच्या हातावर प्रसाद ठेवला. देवाने कौल दिला एवढंच सांगितलं. तिने कपाळाला लावला.

२७ जाने.
सकाळी वृं. कोकम आणायला दुकानात गेली. कोपऱ्यावर मालूकाकी मासे घेऊन बसते.
"गो वृंदा, तुझी वाचा गेलीहा मां? काळजी करू नको, देव बरां करतलो." वर शेजारणीला, "बघ, बोलणा नाय. खरांच."
कोकम न घेताच परत आली. मी मोटरीला व्हार्निश लावत होतो. समोर उभी राहिली.
"गावभर सांगितलात?"
"देवाक सांगितलंय."
"देव गावभर सांगूक गेलो नाय. तुमी गेलात. थंय अमेय माझ्या वतीन बोलता, हंय तुमी. माका कोणी विचारल्यान?"
आवाज अगदी स्पष्ट होता. गळा कुठेही अडकला नाही. हे लिहितोय कारण तेव्हा माझ्या मनात पहिलं तेच आलं, बघ, बोलली की. तोंडाने मात्र म्हटलं नाही. देवाची कृपा.
ब्रश तसाच हातात. व्हार्निश सुकून गेलं. वीस वर्षांत ब्रश वाया घालवलेला नाही.

२९ जाने., गुरु.
मी जेवून उठलो की ती जेवायला येते.
सौ. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं.
संध्याकाळी त्या बायकांचा फोन. मी खाली होतो. मुद्दाम नव्हे. कोणीतरी काहीतरी विचारलं असावं, माझ्याविषयी. वृं. म्हणाली, "नाही हो, माझे बाबा वाईट नाहीत. त्यांना आवाज आहे ना, म्हणून."
ग्राइंडर चालू केला. घासायला काही नव्हतं.

१ फेब्रु.
काही नाही. देवगडचे दोन पंप आले.

२ फेब्रु., सोम.
वृं. स्वतःहून वर्कशॉपात आली. स्टूल ओढून बसली, लॅपटॉप मांडीवर.
मी म्हटलं, मी काय करू सांग.
"काय करू नका. आयका फक्त. कविता मॅडम म्हणतत, आधी एका माणसासमोर बोल."
म्हणजे अमेयला अजून दिलेलं नाही. विचारलं नाही.
ती बोलू लागली. दुसऱ्या वाक्याला मी म्हटलं, जरा मोठ्याने, आणि मान वर.
लॅपटॉप मिटला. उठून गेली.
सौ. दारात उभी होती. "तुमच्या जिभेक हाड नाय," एवढंच म्हणाली.

३ फेब्रु.
पुन्हा आली. मी स्क्रू-ड्रायव्हर दातात धरला. ती बघत राहिली, मग ओठाच्या एका कोपऱ्यात हसली. सुरुवात केली.
मध्ये पडेल गावचा बागायतदार आला. "काय चल्लाहा?"
मी दातांतून म्हटलं, "मिटिंग." तो बाहेर बाकावर बसला. पंप त्याचाच होता, घाई त्यालाच होती, पण बसला.
तीनदा अडकली. तिसऱ्यांदा बराच वेळ. तिचा हात गळ्याशी गेला. मी जागचा हललो नाही. पुढे गेली.
संपल्यावर, "कळलां?"
ड्रायव्हर काढला. "नाय."
"बरां झालां. खरां सांगितलात." लॅपटॉप मिटताना, "थंय कोणी असा आयकत नाय, बाबा."
बाकावरच्या बागायतदाराला आत बोलावलं.

४ फेब्रु.
उद्या. ती दाखवणार की अमेय, ते घरात कोणी विचारत नाही. गुरव वाटेत भेटला, परत एकदा देवाला सांगणं करूया म्हणाला. नको म्हटलं. तो बघतच राहिला.

५ फेब्रु., गुरु.
वर्कशॉप बंद ठेवलं. ग्राइंडर नको, ठोकाठोकी नको.
वृं.ने साडी नेसली. पडद्यावर खांद्यापर्यंतच दिसतं, तरी. माडीचं दार आतून लावताना म्हणाली, "खाली जिन्यार बसा. पण थंयच." जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो.
मध्येच वीज गेली. वर पंखा चालू राहिला. इन्व्हर्टरने घेतलं. तेवढं माझ्या हातातलं होतं.
तिचा आवाज आला. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. वर्कशॉपातलंच. मग अडकली, तिथेच, जिथे परवा अडकली होती. माझी नखं पायरीच्या लाकडात.
एक पुरुषाचा आवाज, हसरा. "वृंदा, मी घेऊ का पुढे?"
काही नाही. काही नाही. माझ्या तोंडाशी हाक आली होती, खालून वर ऐकू जाईल इतकी मोठी. गिळली.
मग ती. "अमेय, माझं झालेलं नाही."
त्याच वेळी रस्त्याने आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो गेला. पुढचं ऐकू आलं नाही. टेम्पो गेल्यावरही वर आवाज नव्हता. ती सगळं बोलून थांबली, की मध्येच अडकली, कळलं नाही. खुर्ची सरकल्यासारखी वाटली.
सौ.ने चहा आणला. खाली ठेव म्हटलं. चहावर साय धरली.
दार अजून बंद आहे. हे पायरीवर बसूनच लिहितोय. हाक मारलेली नाही.