वासुदेवमामांचं चिनी तिकीट

दुबई, २ मार्च २००२

तीर्थरूप वासुदेवमामांना त्यांच्या लाडक्या (असं मामी म्हणते) भाच्याचा, संजयचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मिरजेतली थंडी एव्हाना गेली असेल. इकडे आम्ही खुशाल आहोत. विभावरीला सातवा लागलाय आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही, हे आपलं सहज लिहितोय.

पत्रास कारण तुमचं तिकीट. कंपनीने मला आणि माझ्या ऑफिसातल्या परेशला नळ विकत घ्यायला चीनला, कँटनला, पाठवलं तेव्हा फोनवर तुम्ही एकच वस्तू मागितलीत, जमिनीखालच्या गाडीचं, प्रवास केलेलं तिकीट. (कोरं तिकीट म्हणजे नुसता कागद, हे चौतीस वर्षं टीसी राहिलेल्या माणसाचं मत मला मान्य आहे.) यंदा तुम्हाला खूश करणं मला फार गरजेचं आहे. का, ते पुढे येईलच.

आधी तिथलं मोठं रेल्वे स्टेशन सांगतो. तुम्हाला तिथे नोकरी करायला आवडलं असतं. गाडीची वेळ झाल्याशिवाय फलाटावर चिटपाखरू सोडत नाहीत. सगळी जनता हॉलमध्ये बोचकी आणि थर्मास घेऊन बसलेली, आणि दार उघडलं की दुसऱ्या पंगतीला जागा धरायला धावावं तशी धावते. बाहेर पडतानाही तिकीट तपासतात. दारात तुम्हीच उभे आहात असं मला सारखं वाटायचं.

भुयारी स्टेशनात तिकीट म्हणजे प्लॅस्टिकचं कार्ड. आत जाताना यंत्र ते परत देतं, पण बाहेर पडताना गिळून टाकतं. म्हणजे प्रवास केलेलं तिकीट हवं तर मी जन्मभर आतच राहायला हवं. परेश आपलं कार्ड यंत्राला देऊन बाहेर पडला. मी माझं मोज्यात खोचलं आणि गेटवरच्या मुलीला दोन्ही खिसे उलटे करून दाखवले, तिकीट हरवलं म्हणून. दंड भरून सुटलोही असतो. पण परेशला (माणूस गरीब गाय आहे हो) माझी दया आली. तो पलीकडून ओरडला, "अरे संजय, मोज्यात ठेवलंयस ना! यल्ला, चल लवकर, दे तिला, मीटिंगला लेट होतोय." आणि मुलीला समजावं म्हणून त्याने स्वतःचा मोजा ओढून दाखवला.

मामा, टीसीच्या भाच्याला परमुलखात, भर गर्दीत, एक बूट काढून उभं राहावं लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी तिकीट कुणासाठी हवंय ते समजावायला मी तिच्या वहीत तुमचं चित्र काढलं. काळा कोट, मिशा, हातात तिकीट कापायचा पंच. तिने आतून एका म्हाताऱ्या साहेबाला बोलावलं. तो बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला, मग टाचा जुळवून त्याने चित्राला सलाम ठोकला. माझं कार्ड त्याने नियमाप्रमाणे यंत्रात टाकलं, आणि खणातून एक वापरून बाद झालेलं, तडा गेलेलं कार्ड काढून दोन्ही हातांनी मला दिलं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

मामीला नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
संजय

ता. क. : तिकीट या पाकिटात शोधू नका, टपालात गहाळ व्हायचं. बाळंतपणासाठी मामीला तीन महिने इकडे पाठवा, परतताना तिच्याच हाती देतो. नाही म्हणू नका.

आणखी एक : मामी गुरुवारी निघतेय. व्हिसा मागच्याच महिन्यात झाला, फक्त तुम्हाला सांगायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही. चहा-साखर फडताळात वरच्या खणात आहे, असं तिने कळवायला सांगितलंय.