आईच्या मनगटाचा झटका

प्रिय दादा,

काल आई पडद्यावर दिसली, म्हणून लिहिते आहे. म्हणजे तिचा चेहरा नव्हे. सूप पाखडणारी, संगणकातली एक राखाडी बाहुली. पण मनगट आईचंच होतं! मी पाहताक्षणी ओळखलं.

आठवतं ना, गावी, मेडशीच्या घराच्या अंगणात तू तिच्या हातांना सेन्सर बांधले होतेस? "काय पट्टे बांधून राह्यला रे, मी काय बैल आहो?" असं म्हणत ती तूर पाखडत राहिली.

सेन्सरची नोंद थरथरत यायची. बाहुलीचा हात कापायचा, मधेच गर्रकन उलटा फिरायचा. तू मला समजावलंस, "हे पाय, तीनशे एकोणसाठ अंश अन् एक अंश शेजारी-शेजारी. पण सरासरी काढली का येते एकशे ऐंशी. हात पार उलटा! फिरण्याले साध्या आकड्यावानी सरळ करता येत नाही." मग खपून-खपून तू पद्धत शोधलीस. यंत्राची थरथर जायची, माणसाची हालचाल राहायची. आईचं मनगट एकदा मोडलेलं. पाखडताना त्याला बसणारा बारीक झटका तू मुद्दाम राहू दिलास.

ते सगळं काल आपण दोघं काम करायचो त्या पुण्याच्या स्टुडिओत आपल्या वरिष्ठ सरांनी स्वतःचं म्हणून दाखवलं. तुला जाऊन वर्षही झालेलं नाही! वर म्हणतात, "हा झटका चुकून राहिलाय, पुढच्या वेळी काढून टाकू."

मी उभी राहिले. "सर, तो झटका माझ्या आईचा आहे. आणि हे काम माझ्या भावाचं आहे."

"हो हो, तोही टीममध्ये होता," ते हसून म्हणाले. टाळ्या वाजल्या. त्यांच्यासाठी.

राजीनामा देऊन मी घरी आले.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "साहेब सोताचं नाव लावून राह्यला, हे तुह्या दादाले ठाऊक होतं?"

काय सांगू तिला? तुला ठाऊक होतं, दादा. सरांनी पहिल्यांदा स्वतःचं नाव लावलं, तेव्हा मी भांडायला निघाले होते. "जाऊ दे ना वं, काम तर झालं!" म्हणून तूच मला अडवलंस. काहून अडवलंस? काविळीनं डोळे पिवळे झाले तरी फोनवर आपलं एकच, "मले काय झालं? मस्त आहो!" किती गप्प बसायचं रे माणसानं? तुझा मोठेपणा त्यांना फुकट मिळाला. आम्हाला काय मिळालं? हार घातलेला तुझा फोटो!

मी आईला "हो" म्हणाले. ती म्हणाली, "मंग मले कायले सांगत होता, का आई, तुहा हात आता साऱ्या दुनियेत चालीन म्हणून?"

याचं उत्तर तुझ्याकडे तरी होतं का?

तुला माफ करीन, असं वचन आज देववत नाही. एवढंच देते: ते काम जिथं दाखवतील, तिथं उठून मी तुझं नाव घेईन. लोक हसले तरी घेईन. तुझ्यासारखी समजूतदार मी मरेपर्यंत होणार नाही.

तुझ्यावर अजून रागावलेली,
मनू