कड्यांमधली फट

३ जानेवारी

बार्लो आला! अंगठ्याएवढी नळी, आत एक भिंग. दुर्बीण आणि आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, यांच्यामध्ये बसवली की सगळं दुप्पट मोठं दिसतं. दुपारभर गल्ल्यावर बसून खिसा चाचपत होते. एका गिऱ्हाईकाला ब्रेडऐवजी टोस्ट बांधून दिले.

संध्याकाळी अंगणातल्या खांबावर दुर्बिणीची नळी चढवली. बेकरीच्या छपरावर, पश्चिमेला, शनी होताच. नुसत्या आयपीसमधून इवलासा, पण भोवतीचं कडं स्पष्ट. मग बार्लो घातला — आणि शनीचा चहात भिजलेला पाव झाला! फोकस पुढे, मागे, पुन्हा पुढे. तासभर हट्ट केला. मान आखडली, शनी काही सुधारला नाही.

४ जानेवारी

सतरा दिवस उरले. इथे लिहून ठेवते, म्हणजे मला पळ काढता येणार नाही. वेधशाळेला निरीक्षण-सहायक हवाय. दोन वर्षं शिकवणार, राहायला खोली देणार. अर्जासोबत शनीचं चित्र मागितलंय — स्वतःच्या दुर्बिणीतून पाहून काढलेलं, आणि त्यात दोन कड्यांमधली काळी फट दिसली पाहिजे. शेवटची तारीख २१. पुस्तकात बघून पाच मिनिटांत काढता येईल. पण मग तिथे जाऊन कुठल्या तोंडाने उभी राहू?

बाबांना यातलं काहीच माहीत नाही. पाच वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून बेकरीत आम्ही दोघंच. ते भट्टीवर, मी गल्ल्यावर. मी निघून गेले तर ते पार खचतील. निवड झाली तर सांगीन, नाही झाली तर प्रश्नच मिटला. — भित्री कुठली!

५ जानेवारी

चष्मेवाल्या काकांकडे गेले. ही जुनी दुर्बीण त्यांनीच मला विकली, तेव्हा निस्तरायचंही त्यांनीच. त्यांनी भिंगाच्या काठावरून आत पाहिलं आणि विचारलं, कशाने पुसतेस? म्हटलं, ॲप्रनने. काकांनी भिंग माझ्या हातातून काढूनच घेतलं. माझ्या ॲप्रनला सकाळपासून लोणी लागलेलं असतं!

बार्लो आणि आयपीस दोन्ही त्यांनी स्वतः साफ करून दिले. वर दोन फडकी फुकट दिली, बहुतेक भिंगाची दया येऊन.

संध्याकाळी: थोडा फरक. पाव आता कमी भिजलाय.

७ जानेवारी

काकांनी आज खोदून खोदून विचारलं — दुर्बिणीची नळी ठेवतेस कुठे? मी अभिमानाने सांगितलं, पीठ फुगायला ठेवतो त्या खोलीत. घरात तीच सगळ्यात उबदार. काकांनी कपाळाला हात लावला. नळी बाहेरच्या हवेइतकी गार झाल्याशिवाय आतली ऊब नुसती सळसळत राहते आणि सगळं थरथरताना दिसतं म्हणे. आणि मी तिला रोज पावासारखी शेकत होते!

आता मुक्काम सायकलीशेजारी, उघड्या पडवीत.

९ जानेवारी

दुर्बिणीच्या आतले आरसे जुळवायला शिकले! तीन स्क्रू. एक चिमूटभर फिरवला की ठिपका इकडे, दुसरा फिरवला की तिकडे. दोन तास गेले. पण शेवटी नळीत दिसणारी सगळी वर्तुळं एकात एक बसली तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. बाबांनी आतून विचारलं, कोण आलंय? म्हटलं, कोणी नाही.

१० जानेवारी

ढग. नुसते ढग.

१२ जानेवारी

भिंगं स्वच्छ, नळी गार, आरसे जुळलेले. आणि शनी? उकळत्या पाण्यात पडल्यासारखा! दीडशे पट ही काही फार नव्हे, तुझ्या दुर्बिणीला सहज झेपायला हवं, असं काका म्हणतात. मग झेपत का नाही? बार्लो भिंतीवर फेकावासा वाटला. फेकला नाही, दोन महिने पैसे साठवले होते.

१३ जानेवारी

सापडलं! सापडलं! सापडलं!

वैतागून दुर्बीण शनीपासून वळवली, पूर्वेकडे, घराच्या पाठीमागे. एक ठळक तारा धरला. बार्लो तसाच होता. आणि त्या एका ताऱ्याचे चक्क दोन झाले, जोडतारा! टाचणीच्या टोकासारखे दोन ठिपके, मध्ये काळीशार जागा. म्हणजे बार्लो चांगला, आरसे चांगले, मीही बरी! पुन्हा शनीकडे वळवली — उकळी. पुन्हा पूर्वेला — टाचणी. चार वेळा केलं. मग दुर्बिणीवरून डोळा काढून नुसतं बघितलं. शनीच्या बरोबर खाली आमच्या भट्टीचं धुराडं.

दहा दिवस मी धुराड्याच्या गरम हवेतून शनी बघतेय! बेकरीवाल्याच्या पोरीला हे सुचायला दहा दिवस लागले. हसून हसून पायरीवर बसले.

मग हसू ओसरलं. भट्टी रोज दिवेलागणीला पेटते, पहाटेच्या मालासाठी. एक दिवस नाही पेटवली तरी विटा दोन दिवस धगधगत राहतात. आणि ती माझ्या जन्माआधीपासून एकदाही पूर्ण गार झालेली नाही. दुर्बीण दुसरीकडे न्यावी, तर नळी तेवढी सुटते. तिला पेलणारा खांब वेल्डरकडून सिमेंटात पुरून घेतलाय. हलू नये म्हणून! माझीच हौस.

आणि शनी रोज आणखी खाली चाललाय.

१५ जानेवारी

बाबांना सांगायचं ठरवलं. ते ट्रे धूत होते. मीही ट्रे धुवायला लागले. चाळीस ट्रे धुतले, सांगितलं काहीच नाही.

१६ जानेवारी

सांगितलं. सगळं. अर्ज, फट, धुराडं, वेधशाळा. एका दमात, त्यांच्याकडे न बघता.

बाबा पीठ चाळत होते. चाळण थांबली नाही. मग म्हणाले, "किती दिवस?"

"दोन वर्षं."

"भट्टी किती दिवस बंद ठेवायची, ते विचारतोय."

"तीन."

"बरं," म्हणाले आणि पुढचं पोतं सोडलं. रागावले असते तर बरं झालं असतं. रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले.

१७ जानेवारी

पहाटे पावाचा वास नाही म्हणून दचकून उठले. शटरवर ‘तीन दिवस बंद’ अशी पाटी लावलेली. बाबा लांब दांड्याच्या फावड्याने निखारे बाहेर ओढत होते. मी मदतीला गेले तर म्हणाले, "हात भाजून घेऊ नकोस. चित्र काढायचंय ना?"

१८ जानेवारी

विटा अजून कोमट. दर तासाला जाऊन हात लावते. ताप बघावा तसा!

१९ जानेवारी

दिसली! फट दिसली!

सात वाजून वीस मिनिटं. बार्लो घातला, फोकस केसभर फिरवला, आणि शनी स्थिर उभा राहिला. कड्याच्या दोन्ही टोकांना बारीक काळी रेघ, पेन्सिलीने ओढल्यासारखी. पहिलं चित्र घाईत वाया गेलं. दुसरं जमलं. तिसरं फारच सुंदर झालं!

बाबांना हाक मारली. ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ वाकून बघत राहिले. म्हणाले, "हे रोज आपल्याच छपरावर होतं?" मग पुन्हा डोळा लावला. शनी छपराआड जाईपर्यंत हटले नाहीत, मला चित्रात कड्याची जाडी तपासायची होती तरी!

२० जानेवारी

अर्ज दिला. चित्र पुठ्ठ्यात घालून, स्वतः नेऊन.

२२ जानेवारी

तीन दिवस उलटले तरी भट्टी गारच, आणि आज बाबा साडेआठपर्यंत झोपले होते. भट्टीच्या लाकडाची गाडी आली, ती त्यांनी उठून परत पाठवली. मी धावत गेले — अहो बाबा, अजून निवड झालेली नाही! म्हणाले, "नाही झाली तर दुसरीकडे अर्ज कर. तुझी आई गेली तेव्हाच मी भट्टी बंद करणार होतो. दमलो होतो ग. पण मग तू काय केलं असतंस, म्हणून चालू ठेवली."

आणि पाच वर्षं मी इथे त्यांच्यासाठी थांबले होते.